पाणी भरायला उतरले, त्याचा खुलासा

लिंडेनहाइम, जर्मनी
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप कोंडिरामभाऊजी यांना धाकटी भावजय राजश्री हिचा परदेशातून वाकून नमस्कार. (हॉटेलची खोली एवढी लहान आहे की वाकलं तर डोकं कपाटाला लागतं, तरी वाकले आहे.) तुमची शुगर कशी आहे? जेवणाआधीची गोळी जेवणाआधीच घेता ना, की सुलूताईंनी आठवण करून दिली म्हणून रागाने नंतर घेता? ताईंच्या गुडघ्याला तेल लावायला आमची मिनल रोज संध्याकाळी तुमच्याकडे येते असं कळलं, बरं वाटलं. इकडे थंडी आहे, माणसं हळू बोलतात आणि रविवारी सगळं गाव बंद असतं, म्हणून आज लिहायला बसले. पानांचे फोटो काढून मिनलच्या मोबाइलवर पाठवतेय, ती तुम्हाला वाचून दाखवेल. सरळ फोनच का नाही केला, असं तुम्ही विचाराल. भाऊजी, फोनवर तुम्ही बोलायचं आणि समोरच्याने ऐकायचं ही आपल्या घराची रीत आहे आणि ती मोडायची माझी हिंमत नाही. पत्राचं तसं नसतं. त्याला मधेच थांबवून 'ते राहू दे, आधी माझं ऐक' असं म्हणता येत नाही.

लिहायचं कारण असं, की शुक्रवारी माझ्या बाबतीत जे घडलं त्याच्या तीन हकिकती आपल्या पूनम सागर कॉलनीत फिरतायत म्हणे. एकीत माझी गाडी चुकली, दुसरीत माझी बॅग चोरीला गेली, आणि तिसरीत (ही खास तुमची, मिनलने सांगितलं) 'बाईमाणसाला एकटं पाठवलं की असंच होणार.' तिन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, पण खरी गोष्ट चौथीच आहे. ती मीच सांगितलेली बरी.

भाईंदर पूर्वेच्या स्टील टिफिनच्या फॅक्टरीत मी एकोणीस वर्षं जाते हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे काय करते हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगते. मी चेकर आहे. टिफिन तयार झाला की झाकण बसतं का, क्लिप लागते का, कडेने बोट कापतं का हे बघते आणि नापास झालेला बाजूला काढते. (शेठ तो पुन्हा पास झालेल्यात ठेवतात, ती गोष्ट वेगळी.) दोन वर्षांपूर्वी आमचे मॅनेजर महिपतराव रिटायर झाले. तेव्हापासून कामगारांच्या पाळ्या लावणं, माल वेळेत काढणं, मशीन बंद पडलं तर मिस्त्रीच्या हातापाया पडणं हे सगळं मीच करतेय. पण उभ्याने. महिपतरावांच्या खुर्चीवर त्यांचा पिवळा टॉवेल अजून आहे आणि त्या टॉवेलवर कुणी बसत नाही. शेठना दोनदा म्हटलं, की काम मी करते तर पदही द्या. शेठ दोन्ही वेळा हसले.

जर्मनीला खरं तर जायचं होतं साहिलशेठना, म्हणजे शेठच्या चिरंजीवांना. इथले क्र्युगर म्हणून एक मोठे व्यापारी आहेत, त्यांना प्लॅस्टिक बंद करून स्टीलचे टिफिन विकायचेत. ठरलं होतं असं, की साहिलशेठ बोलणार आणि मी बॅग उचलणार. पण साहिलशेठच्या पासपोर्टची मुदत संपत आली होती, त्यामुळे बोलणाऱ्याला व्हिसा नाही आणि बॅगवालीला मिळाला. शेठनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "राजश्रीबेन, आप अकेले जाओ. ज्यादा बात नहीं करने का. सँपल बोलेगा." मी विचारलं, मग खुर्चीचं काय? तर म्हणाले, "पहले ऑर्डर तो लाओ, फिर देखते हैं." भाऊजी, मी जर्मनी बघायला आलेच नव्हते. मी त्या टॉवेलखालच्या खुर्चीसाठी आले होते.

तुम्ही आधी 'अजिबात जायचं नाही' म्हणालात आणि व्हिसा आल्यावर 'मीच पाठवतोय तिला' असं मंडळात सांगितलंत. दोन्ही वेळा आमचे हे, म्हणजे तुमचे बंधू गणेश, जमिनीकडे बघत बसले. तुमच्यापुढे बोलायची त्यांना लहानपणापासून सवयच नाही. निघायच्या दिवशी तुम्ही मार्कर मागवलात आणि सँपलच्या बॅगेवर चारी बाजूंनी ठळक अक्षरांत आपलं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर लिहिलात. माझा नंबर लिहू का, असं मी विचारलं, तर म्हणालात, "तुझा कशाला? घरातल्या कर्त्या माणसाचा पायजे." हे पुढे लागणार आहे म्हणून इथे नोंदवून ठेवते.

विमानाचं सोडा, तिथे बसवतील तिथे बसायचं असतं. पंचाईत सुरू होते ती रेल्वेत, कारण तिथे माणसाला वाटतं की हे आपल्याला येतं. फ्रँकफर्टहून लिंडेनहाइमची गाडी. बोर्डावर लिंडेनहाइम आणि ओबरफेल्ड अशी दोन नावं एकाखाली एक होती. मी म्हटलं, आधी एक लागत असेल आणि मग दुसरं, जसं आधी चिपळूण आणि मग रत्नागिरी. समोर आला त्या डब्यात चढले, खिडकीची जागा धरली, सोळा किलोची बॅग पायाशी घेतली. समोर एक आजी बसल्या होत्या. पांढरे आखूड केस, पाठ ताठ, मांडीवर दोरीने बांधलेलं केकचं खोकं. नाव एर्ना, वय एकोणऐंशी, शाळेत बाई होत्या. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच, त्यामुळे आमचं छान जमलं. मी शंकरपाळे पुढे केले. त्यांनी आधी पाकीट वाचायला मागितलं. पाकीट नाही, घरचे आहेत, हे हातवाऱ्यांनी सांगितल्यावर एक घेतला, विचार करून खाल्ला, आणि मग खिडकीबाहेर बघत बघत आणखी सात खाल्ले.

तासाभराने गाडी एका स्टेशनात थांबली ती हलेचना. स्पीकरवर एका बाईने लांबलचक काहीतरी सांगितलं. डब्यातले पाच-सहा जण सामान घेऊन उतरले आणि प्लॅटफॉर्मवरून पुढच्या डब्यांकडे धावले. माझ्या मनात एकच शब्द आला : क्रॉसिंग. कोकण रेल्वेने गणपतीला जाणाऱ्या माणसाला थांबलेल्या गाडीचं दुसरं कारण सुचत नाही, आणि क्रॉसिंग म्हटलं की खाली उतरून पाणी भरायचं हे तर तुमचंच शिक्षण. विकतचं पाणी हा घराण्याचा अपमान, हेही तुमचंच. दर वर्षी खेडला तुम्ही रिकाम्या बाटल्या काखेत मारून उतरता, गाडी हलली की मिळेल त्या दारात उडी घेता, आणि मग आतून चालत, लोकांच्या पायांवर पाय देत, दहा मिनिटांनी आमच्यापाशी प्रकट होता. (तोवर सुलूताईंचे अर्धे देव आठवून झालेले असतात.) तुमचं वचन मला पाठ आहे, की गाडी एकदा पकडली की डबा कुठला का असेना, आतून जाता येतं.

तर मी बाटली घेतली, पर्स खांद्याला अडकवली आणि एर्ना आजींना खूण केली. दोन बोटं डोळ्यांकडे, मग बॅगेकडे, मग पंजा दाखवून पाच मिनिटं. शिवाय मराठीत म्हटलं, "जरा लक्ष ठेवा हां, आलेच." (हे वाक्य कुठल्याही देशात मराठीतच म्हणावं. त्यात जो हक्क आहे तो दुसऱ्या भाषेत मागता येत नाही.) आजींनी मान डोलावली आणि बॅगेच्या मुठीवर हात ठेवला. पंचवीस वर्षं पोरांच्या वह्या सांभाळलेला हात तो, मी निर्धास्त झाले.

भाऊजी, इथल्या स्टेशनवर नळच नसतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. बाकडी होती, घड्याळ होतं, सायकली लावायची शेड होती, पण नळ नाही. एवढ्यात शिट्टी झाली आणि पुढच्या डब्यांची दारं टुंटुं करायला लागली. तुमचं वचन आठवलं, समोरच्या दारात उडी मारली. गाडी सुटली. मी रिकामी बाटली हातात धरून मागे मागे चालत गेले, 'एक्स्क्यूज मी' म्हणत, कुणाच्याही पायावर पाय न देता. चार डबे गेले आणि पुढे रस्ताच संपला. काच, काचेमागे ड्रायव्हरची रिकामी खुर्ची, आणि तिच्यापलीकडे नुसते रूळ. उरलेली अर्धी गाडी मागे प्लॅटफॉर्मवरच राहिली होती. तिच्यात माझी जागा, माझी बॅग आणि एर्ना आजी. ते क्रॉसिंग नव्हतं. इथे एकच गाडी मधल्या स्टेशनात तोडतात, एक तुकडा एका गावाला आणि दुसरा दुसऱ्या गावाला जातो. स्पीकरवरची बाई दहा मिनिटं तेच सांगत होती.

बॅग गेली म्हणजे सँपल गेले, सँपल गेले म्हणजे ऑर्डर गेली, आणि त्या खुर्चीवर आता जन्मभर टॉवेलच बसणार. तिथेच सामानाच्या कठड्यावर बसून मी रडले, खोटं कशाला सांगू. तिकीट तपासणारी मुलगी आली, उंच, कानात पाच बाळ्या. तिने माझं तिकीट बघितलं आणि म्हणाली, तुम्ही बरोबर गाडीत आहात. मागचा तुकडा ओबरफेल्डला जातो, हाच लिंडेनहाइमचा. म्हणजे तासभर मी चुकीच्या डब्यात आरामात बसून शंकरपाळे वाटत होते, आणि चूक केली तेव्हा बरोबर डब्यात आले. यात तुमच्या शिकवणीचं श्रेय किती ते तुम्ही ठरवा. ठरवालच.

त्या मुलीने मागच्या गाडीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, की बॅग आहे, पण एका आजीबाईंनी ती धरून ठेवलीय. नियमाप्रमाणे बेवारस सामान जमा करायचं असतं. आजी म्हणे सांगतायत, की हे बेवारस नाही, मला बघायला सांगितलंय, मालकीण येईपर्यंत मी कुणाला हात लावू देणार नाही. मला परत फिरायचं होतं, पण क्र्युगर साहेबांची वेळ अकराची होती. मी पुढे गेले.

क्र्युगर साहेबांच्या टेबलावर आधीच चार-पाच देशांचे टिफिन मांडलेले होते. साहेब साठीचे, सदरा इस्त्रीचा, चेहराही इस्त्रीचा. मी म्हटलं, सँपल ओबरफेल्डला गेले. ते म्हणाले, कशासाठी? मग मी पर्समधून माझा स्वतःचा टिफिन काढला, दोन वर्षं वापरलेला, एका बाजूला पोचा आलेला. त्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. (झाकण उघडल्यावर दोन खिडक्या उघडाव्या लागल्या, त्या थंडीत.) साहेबांनी तो स्वतः धुतला, पाण्याने भरला, क्लिपा लावल्या आणि पांढऱ्या कागदावर उलटा ठेवला. आम्ही दोघं त्या कागदाकडे बघत बसलो. पाच मिनिटांनी डाव्या कोपऱ्यात एक थेंब आला.

आता जे सांगते ते फॅक्टरीत मला आणि शेठना सोडून कुणालाच माहीत नाही. बॅगेतले बारा टिफिन आमचे नव्हतेच. दोन गाळे सोडून एक कारखाना आहे, त्याचा माल आमच्यापेक्षा बरा निघतो. शेठनी तिथून बारा नग आणले आणि आमचे स्टिकर मी माझ्या हाताने लावले. 'सँपल बोलेगा' म्हणजे शेजाऱ्याचा माल आमच्या नावाने बोलणार होता. बॅग माझ्याजवळ असती तर मी तेच टेबलावर ठेवले असते, भाऊजी, मी काही साध्वी नाही. पण होता एवढा एकच टिफिन, आणि तो खरा आमचा. तेव्हा त्या थेंबाकडे बोट दाखवून मी सांगितलं, की आमचा साचा झिजलाय, डावी क्लिप म्हणून सैल बसते. साचा बदला आणि क्लिपेला दुहेरी बाक द्या, थेंब येणार नाही. कागदावर काढून दाखवलं. साहेबांनी विचारलं, हे तुमच्याकडे कोणाला माहीत आहे? मी म्हटलं, मला. दोन वर्षं सांगतेय. मग विचारलं, तुमचं पद काय? भाऊजी, त्या खोलीत माझं इंग्रजी तेवढ्या एकाच जागी अडलं.

ऑर्डर मिळाली. पहिली लहान आहे, नवा साचा झाल्यावर मोठी. साहेबांनी माझ्यासमोर शेठना मेल लिहिली, की प्रत्येक खेप राजश्रीबाईंनी तपासून सही केली तरच माल घेऊ.

मग ते स्वतः मला गाडीने ओबरफेल्डला घेऊन गेले. छोटं स्टेशन, एकच बाकडं, बाकड्यावर एर्ना आजी, पायाशी बॅग आणि मुठीवर हात. चार वाजले होते. बहिणीकडे केक घेऊन निघालेली ती बाई पाच मिनिटांचं म्हणून पाच तास बसली होती. बहीणच शेवटी स्टेशनवर आली आणि केक तिथेच कापून दोघींनी खाल्ला. माझ्यासाठी एक तुकडा ठेवला होता. मी त्यांच्या पाया पडले. त्या घाबरल्या, त्यांना वाटलं माझं काही पडलं, त्याही शोधायला वाकल्या. मला तिथे जे रडू आलं ते सकाळच्यापेक्षा जास्त होतं. आपलं सामान कुणी असं सांभाळलं की आपणच सांभाळल्यासारखं वाटतं.

आणि भाऊजी, आजींनी हातपाय हलवले नव्हते असं नाही. बॅगेवर चारी बाजूंनी नंबर होता. त्यांनी तो लावला, तीन वेळा. पहिल्यांदा तुम्ही "राँग नंबर" म्हणालात. दुसऱ्यांदा "ओटीपी नहीं मिलेगा, चल फोन रख" म्हणालात. तिसऱ्यांदा काय म्हणालात ते आजींनी मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. उच्चार स्वच्छ होते, मी क्र्युगर साहेबांना अर्थ सांगितला नाही. त्यानंतर तुम्ही आजींचा नंबर 'सावधान! परदेशी टोळी सक्रिय' असं लिहून चार ग्रुपवर टाकलात, तो मलाही फिरून फिरून इथे आला. ती टोळी म्हणजे एर्ना आजी आणि त्यांची बहीण.

काल शेठचा मेसेज आला. "Very good. सँपल ने काम कर दिया. अब साहिल सब संभालेगा, आप आके आराम करो." म्हणजे सही माझी आणि खुर्ची साहिलशेठची. असो. देवाच्या मनात असेल तसं होईल, आपण कोण बोलणार. गुरुवारी पोचते. सुलूताईंना नमस्कार सांगा, मिनलला उशिरापर्यंत मोबाइल बघू देऊ नका, आणि तुम्ही तब्येतीला जपा, घराला तुमचाच आधार आहे.

तुमची आज्ञाधारक,
राजश्री

ता. क. आधार म्हटल्यावर आठवलं, एक बारीकसं काम होतं. नाक्यावर वाढदिवसापासून बोअरवेलपर्यंत सगळ्याचे बॅनर तुम्ही लावता. (परवानगीचंही तुम्हीच बघता, म्हणजे बघत नाही.) मागच्या उन्हाळ्यात शेठना न विचारताच तुम्ही त्यांच्या फोटोसकट छापलंत, की मंडळाला थंड पाण्याचं मशीन दिल्याबद्दल आभार. शेठनी गाडीतून तो बॅनर वाचला आणि आठ दिवसांत मशीन आणून दिलं. स्वतःच्या फोटोखाली लिहिलेलं शेठ खोटं पडू देत नाहीत. त्यांची गाडी रोज सकाळी दहाला त्या नाक्यावरूनच जाते. तेव्हा एक बॅनर असा हवा : 'सौ. राजश्री यांची प्रॉडक्शन मॅनेजरपदी नियुक्ती केल्याबद्दल माननीय शेठजींचे जाहीर आभार. शुभेच्छुक : कोंडिरामभाऊ.' मधोमध तुम्ही, उजवीकडे शेठ. मला कोपरा चालेल, पद मात्र लांबून वाचता आलं पाहिजे.

आणखी ता. क. बॅनरवर टिफिनचा फोटो नको, ते बारा नग कोणाचे हे दोन गाळे सोडूनचे शेजारी लगेच ओळखतील. आणि ग्रुपवरचा 'सावधान' तेवढा मागे घ्या. आजींना मी आपल्याकडे यायचं आमंत्रण दिलंय.

शेवटची ता. क. तुम्ही 'नाही' म्हणायला तोंड उघडलं असेल, म्हणून सांगते. तुमच्या संमतीची वाट बघावी असं मला वाटत होतं, ह्यांना वाटलं नाही. काल शेठचा मेसेज आल्यावर फोनवर ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दादाला मी सांगतो." लग्नाला बावीस वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. सांगायचं कसं ते मात्र त्यांना जमेना, म्हणून हे पत्र. डिझाइन काल संध्याकाळी, ताईंना तेल लावून झाल्यावर, तुमच्याच मोबाइलवरून फ्लेक्सवाल्याकडे गेलंय, तुमचा फोटो नवरात्रातला घेतलाय, तुम्हाला आवडतो तो. मिनल हे वाचतेय आणि गणेश खाली नाक्यावर शिडीवर आहेत. जरा खिडकीशी जा आणि बॅनर सरळ लागलाय की नाही, तेवढं त्यांना वरून ओरडून सांगा.